लूट, खंडणी आणि देवस्व

त्र्यंबकेश्वराचा हिरा इंग्रजांनी नेला १८१८ साली. 'लूट' हा शब्द त्यांनी त्याच्या तीस वर्षं आधीच नेला होता. कंपनीच्या कारभारात येणाऱ्या हिंदुस्थानी शब्दांचा एक छोटा कोश १७८८ मध्ये लंडनमध्ये छापला गेला, त्यात तो सापडतो. पुढे यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' हा त्यांचा प्रसिद्ध कोश काढला. त्यात त्यांनी नोंदवलं आहे की चीनचं युद्ध, क्रिमियाचं युद्ध आणि सत्तावनचा उठाव या तीन मोहिमांमध्ये हा शब्द गोऱ्या शिपायांच्या तोंडी पक्का बसला आणि तिथून तो घरोघरच्या इंग्रजीत उतरला.

हा किस्सा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे आणि तो सांगताना आपल्याला थोडं बरंही वाटतं. पण शब्द नेला एवढ्यावर गोष्ट थांबवली तर खरी मेख हाती लागत नाही. इंग्रजांनी 'लूट' हा शब्द बोलण्यासाठी घेतला, लिहिण्यासाठी नाही. त्र्यंबकच्या हिऱ्याची नोंद करताना त्यांच्या कागदावर हा शब्द उमटला नाही. तिथे दुसराच शब्द होता. त्या दुसऱ्या शब्दाकडे नीट पाहावं, आणि त्याच्यासोबत आपल्या शब्दांकडेही, म्हणून हा लेख.

आधी हिऱ्याची हकीकत. कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीतला, म्हणजे गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या कुळातला हा दगड. वजन सुमारे ९० कॅरट. त्र्यंबकेश्वराच्या देवळात तो देवाचा अलंकार होता असं सगळीकडे सांगितलं जातं. आज आपण पाहतो ते काळ्या पाषाणाचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, जुन्या लहान देवळाच्या जागी. तेव्हा पेशव्यांचा आणि त्र्यंबकचा संबंध घरच्यासारखा. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, दुसरा बाजीराव पुण्याबाहेर पडला आणि पुढचे सहा-सात महिने इंग्रजी फौजा त्याच्या मागावर राहिल्या. एप्रिल १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेनं त्र्यंबकचा किल्ला घेतला. जूनमध्ये बाजीराव असीरगडाजवळ माल्कम या इंग्रज सेनानीच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला. या धामधुमीत हिरा जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती आला. बाजीरावानंच तो त्याच्या हवाली केला अशी हकीकत आहे. ब्रिग्जनं तो गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जकडे पोचवला आणि तिथून तो लंडनला गेला. रंडेल अँड ब्रिज या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी तो सुमारे तीन हजार पौंडांना घेतला.

आता कागदावरचा शब्द. तो होता 'प्राइज'. आज आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना जे 'प्राइज' देतो, ते वेगळ्या वाटेनं आलं आहे. त्याचं मूळ किंमत आणि मोल या अर्थाच्या शब्दात आहे. युद्धातल्या 'प्राइज'चं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये 'घेतलेलं', 'पकडलेलं' असं आहे, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला 'पकडणे' हा धातू. दोन वेगळे शब्द उच्चारात एक झाले आणि पकडलेल्या मालाला बक्षिसाचा वास लागला. फौजेबरोबर 'प्राइज एजंट' नावाचे अधिकारी असत. घेतलेल्या मालाची यादी करायची, तो विकायचा आणि हुद्द्याप्रमाणे वाटे लावायचे हे त्यांचं काम. मराठ्यांवरच्या मोहिमेत मिळालेल्या संपत्तीला 'डेक्कन प्राइज' असं नावच पडलं. कोणत्या तुकडीला किती वाटा यावर हेस्टिंग्ज आणि दख्खनच्या फौजेचा सेनापती हिस्लॉप यांच्या बाजूंचा वाद वर्षानुवर्षं चालला. त्या पैशाच्या विश्वस्तांमध्ये खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता. वाटणीचा न्याय इतका काटेकोर, की शिपायाच्या हिश्शाचाही हिशेब झाला. मुळात तो माल कोणाचा, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

तो प्रश्न विचारला गेला नाही असंही नाही. पेशव्यांच्या तर्फे रायगड सांभाळणारे नारो गोविंद औटी यांची पुण्यातली संपत्ती १८१८ मध्ये इंग्रजांनी ताब्यात घेतली. त्यांच्या वारसदारांच्या बाजूनं मुंबईच्या सुप्रीम कोर्टात, जप्तीच्या वेळी दख्खनचा कमिशनर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवरच दावा लावला गेला आणि मुंबईच्या कोर्टानं निकाल एल्फिन्स्टनच्या विरुद्ध दिला. १८३० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला. कारण असं दिलं की ही 'शत्रूभावानं केलेली जप्ती' आहे, लढाई प्रत्यक्ष चालू नसली तरी युद्ध संपलेलं नव्हतं, तेव्हा दिवाणी कोर्टाला यात हात घालता येत नाही. सगळा निकाल एका नावावर उभा आहे. त्याच पैशाला चोरी म्हटलं तर कोर्टाचं दार उघडं, शत्रूची जप्ती म्हटलं तर बंद. शब्दांचा अभ्यास म्हणजे फावल्या वेळचा छंद असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल एकदा वाचावा.

इंग्रजीजवळ लुटीसाठी स्वतःचे शब्द कमी नव्हते, आणि ते सगळे मुळाशी फार उघडे आहेत. 'स्पॉइल्स' हा लॅटिनमधून आला. तिथे त्याचा जुना अर्थ जनावराचं सोललेलं कातडं. मग पडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवलेली शस्त्रं आणि चिलखत. 'रॅन्सॅक' उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला, अर्थ घराची झडती. 'प्लंडर' सतराव्या शतकात जर्मनीतल्या तीस वर्षांच्या युद्धात इंग्रज शिपायांनी उचलला. जर्मनमध्ये तो अंथरूण-पांघरूण, कपडालत्ता, घरातलं किडूकमिडूक अशा वस्तूंचा शब्द. म्हणजे शिपाई घरात शिरून काय काय उचलत होते त्याची यादीच त्या शब्दात राहिली आहे. सगळ्यांत चटका लावणारी जोडी 'रॉब' आणि 'रोब' यांची. लुटणे आणि झगा. दोन्हींचं मूळ एकच, कारण 'रोब' म्हणजे मुळात लुटीत मिळालेलं वस्त्र. ज्याच्या अंगावरून ते उतरवलं त्याचं पुढे काय झालं, हे त्या शब्दात नाही.

ते आपल्या शब्दात आहे. मराठीत 'नागवणे' म्हणजे लुटणे. 'व्यापारात पुरता नागवला', 'वाटेत चोरांनी नागवलं' असं आपण म्हणतो. नग्न, नागवा, त्यावरून नागवणे. युरोपातल्या भाषेनं लुटारूच्या हातातलं वस्त्र पाहिलं, मराठीनं ज्याचं वस्त्र गेलं त्या माणसाकडे पाहिलं. एकाच घटनेचे हे दोन टोकांचे साक्षीदार आहेत, आणि मला आपला साक्षीदार अधिक प्रामाणिक वाटतो.

पण थांबायला हवं. आपले सगळे शब्द असे नाहीत.

'लूट' संस्कृतातल्या लुण्ट्, लुण्ठ् या धातूंच्या घरातली. लुण्ठन म्हणजे लुटणं. याच्या शेजारी लोळणे, गडगडणे या अर्थाचा लुठ् उभा असतो, आणि त्याच्याशी आपण 'लोटणे' आणि 'लोटांगण' जोडतो. देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भक्तानं घातलेलं लोटांगण आणि त्याच देवळावर पडलेली लूट, कानाला इतकी जवळची. म्हणून त्यांचं नातं लावायचा मोह होतो. तो टाळावा. उच्चार जुळला की मूळही जुळतं असं धरून चालणं ही शब्दचर्चेतली सर्वांत जुनी खोड आहे.

नातं लावायचंच तर मराठीच्या आतल्या आत लावावं, कारण तिथे 'लुटणे'नं मोठी करामत केली आहे. मराठी माणूस मजा लुटतो, आनंद लुटतो, कीर्तनाला जाऊन पुण्य लुटतो. आणि दसऱ्याला तो सोनं लुटतो. नाशिकच्या बाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून आपट्याच्या फांद्यांचे ढीग लागतात. जोडीजोडीनं जुळलेली दोन पाळ्यांची ती पानं आपण एकमेकांच्या हातात देतो, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणतो, आणि या देण्याला 'लुटणं' म्हणतो. हिसकावण्याचा शब्द वाटण्याला लागला. हे गोड आहे आणि मला ते मनापासून आवडतं. पण हे कुठून आलं?

कथा सगळ्यांना माहीत आहे. वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी मोहरांसाठी रघुराजाकडे आला. रघूनं विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेलं. खजिना रिकामा. मग त्यानं कुबेरावर स्वारी करायचं ठरवलं, रथ तयार ठेवला आणि सकाळी पाहतो तो खजिन्यात सोन्याचा पाऊस पडलेला. कालिदासानं ही कथा रघुवंशाच्या पाचव्या सर्गात घेतली आहे. आपट्याचं झाड आणि लोकांनी लुटलेलं सोनं लोककथेनं जोडलं. आता ही कथा दसऱ्याच्या गोडव्यातून बाहेर काढून पाहा. कुबेरानं सोनं कशाला दिलं? स्वारी होणार म्हणून. स्वारी टाळण्यासाठी दिलेल्या द्रव्याला मराठीत सरळ शब्द आहे, खंडणी. दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस. पावसाळा संपला, नद्या उतरल्या, घोड्यांना चारा झाला, आता मुलूखगिरीला निघायचं. आपट्याचं पान हे त्या निघण्याच्या दिवसाचं पान आहे.

मुलूखगिरी, खंडणी, चौथाई, सरदेशमुखी. हे आपले कागदावरचे शब्द. इंग्रजांना जसा 'प्राइज', तसे आपल्याला हे. दुसऱ्यानं केली तर लूट, आपण केली तर मोहीम. हा नियम कोणा एका जातीच्या किंवा धर्माच्या राज्यकर्त्यांचा नाही, दप्तराचा आहे. शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या दोन स्वाऱ्यांना 'लूट' म्हणावं की नाही यावर आजही महाराष्ट्रात वाद पेटतो. त्या वादात दोन्ही बाजूंना इतिहास जेवढा ठाऊक असतो तेवढीच या शब्दाची धारही ठाऊक असते. माझं मत असं, की काळाचे नियम समजून घ्यावेत पण शब्द बदलून घेऊ नये. आपल्या पिढ्यांनी 'सुरतेची लूट' असंच म्हटलं, मान खाली न घालता म्हटलं. आता त्या शब्दाची लाज वाटू लागली असेल तर ती आपल्या काळाची गोष्ट आहे.

यातला सर्वांत विलक्षण शब्द 'गनीम'. अरबी 'गनीमत' म्हणजे लढाईत मिळालेला माल, आणि 'गनीम' म्हणजे तो घेणारा, लुटारू, त्यावरून शत्रू. मोगलांचे अखबारनवीस मराठ्यांचा उल्लेख करताना 'गनीम' लिहीत. मराठ्यांनी हा शब्द अंगाला लावून घेतला नाही की झटकला नाही, तो आपलासा केला. 'गनिमी कावा' म्हणताना आज आपली छाती फुगते. कावा म्हणजे घोड्याला गोल गोल फिरवणं, त्यावरून हुलकावणी. आपल्या युद्धकलेचं सर्वांत अभिमानाचं नाव मुळात शत्रूनं दिलेली 'लुटारूंची हुलकावणी' ही शिवी आहे. तिकडे हिंदी-उर्दूत हीच 'गनीमत' पार पालटली. 'गनीमत है' म्हणजे नशीब म्हणायचं, थोडक्यात निभावलं. लुटीचा माल तिथे देवाची कृपा होऊन बसला, जसा आपल्याकडे आनंद लुटायचा माल झाला.

शब्दांच्या या उदारपणात एक घटना मात्र विरघळत नाही. १७९१ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज श्रीरंगपट्टणकडे निघाली होती. फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. आदि शंकराचार्यांच्या परंपरेतलं हे पीठ. माणसं मारली गेली, मठाची संपत्ती गेली, शारदेची मूर्ती तिच्या जागेवरून हलवली गेली. मठाच्या स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे, आणि मूर्तीच्या पुन्हा स्थापनेसाठी मदत आली तीही टिपूकडून. ती पत्रं मठात सापडली आणि प्रसिद्ध झाली. त्र्यंबकच्या हिऱ्याबद्दल बोलताना शृंगेरीचं नाव मुद्दाम घ्यावं लागतं. ते न घेता जो इंग्रजांकडे बोट दाखवील त्याच्या बोटात जोर राहत नाही. हे आपल्याच राज्याच्या फौजेसोबत गेलेल्या माणसांनी केलं, आणि पेशव्यांचं राज्य त्र्यंबकचं देऊळ उभारून झाल्यावर अगदी थोड्याच वर्षांत केलं. 'ते पेंढारी होते, फौज नव्हती' हा बचाव तेव्हाही केला गेला. पण पेंढाऱ्यांना फौजेबरोबर न्यायचं, पगार न देता लुटीवर जगू द्यायचं आणि नंतर हात झटकायचे, ही त्या वेळची रीतच होती. हेसुद्धा कागदावरच्या शब्दाचंच काम.

इंग्रजांचं सोमनाथचं प्रकरण या जोडीला ठेवून पाहण्यासारखं आहे. गझनीच्या महमूदानं १०२६ च्या सुमारास सोमनाथ लुटलं. १८४२ मध्ये अफगाणिस्तानातून परतणाऱ्या इंग्रजी फौजेनं गझनीतल्या महमूदाच्या कबरीचे दरवाजे उखडून आणले, कारण ते सोमनाथचे आहेत अशी समजूत होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोनं हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांना उद्देशून मोठा जाहीरनामा काढला की आठशे वर्षांच्या अपमानाचा सूड घेतला गेला आहे. दरवाजे मिरवत आग्र्यापर्यंत आले. लाकूड तपासलं तर निघालं देवदार, कारागिरी गझनीकडचीच. सोमनाथशी त्यांचा संबंध नव्हता. आजही ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून आहेत. एका देवळाच्या खोट्या दरवाजांसाठी एवढा जाहीरनामा, आणि त्याच वेळी दुसऱ्या देवळाचा खरा हिरा लंडनमध्ये एका सरदाराच्या तलवारीच्या मुठीत. मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरनं १८३७ मध्ये तो घेतला होता आणि दरबारी पोशाखाच्या तलवारीच्या मुठीत बसवून घेतला होता.

आता हिऱ्याच्या नावाकडे. जगभरच्या हिऱ्यांच्या पुस्तकांत तो 'नासक' आहे. त्र्यंबकजवळच्या आपल्या नाशिकचं, 'नासिक'चं, इंग्रजांच्या कानानं केलेलं रूप. त्या काळात इंग्रज आपल्या गावाचं नाव निरनिराळ्या तऱ्हांनी लिहीत. शरणपूरच्या मिशनमध्ये वाढलेल्या, गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आफ्रिकेच्या इतिहासात 'नासिक बॉइज' म्हणतात. तिथल्या 'नासिक'चं स्पेलिंग आणखी निराळं. गावाचं नाव मात्र फार जुनं. पांडवलेण्यातल्या चैत्याच्या दाराशी कोरलेल्या ब्राह्मी लेखात नाशिककरांनी दिलेल्या दानाचा उल्लेख आहे, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी हे नाव दगडावर आहे. मधल्या काळात मोगलांनी गुलशनाबाद केलं, पुन्हा नाशिक झालं. या नावाचा शूर्पणखेच्या नाकाशी संबंध जोडतात, नऊ शिखरांशीही जोडतात. ते असो. पण मराठी कानाला 'नासक हिरा' हे ऐकवत नाही. नासणे, नासका, नासकवणी, सगळं त्याच्या आसपास. निर्दोष म्हणून नावाजलेल्या हिऱ्याचं मराठी रूपांतर असं का करायचं? तरी आपली वर्तमानपत्रं 'नासक हिरा' असंच छापतात.

त्याचं दुसरं इंग्रजी नाव 'आय ऑफ द आयडॉल', मूर्तीचा डोळा. या नावानं गोष्टी फार रंगतात. अंधारं देऊळ, रागीट मूर्ती, कपाळावरचा हिरा, तो काढताच शाप. पण त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यात अशी मूर्तीच नाही. इतर ज्योतिर्लिंगांत दिसते तशी उंच पिंडीही नाही. शाळुंकेच्या मधोमध उखळासारखा खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. पाणी सतत पाझरतं. डोळा बसवायला जागाच नाही. देवावर जो चढतो तो सोन्याचा मुखवटा आणि रत्नजडित मुकुट. सोमवारी पालखी कुशावर्त कुंडावर जाते ती मुखवट्याची.

आणि तरी डोळ्याचा संबंध आहे, तो मूर्तीशी नाही, नावाशी. त्र्यंबक म्हणजे त्रि अधिक अंबक. अंबक म्हणजे डोळा. तीन डोळ्यांचा तो त्र्यंबक. मृत्युंजय मंत्राचा आरंभ याच नावानं होतो. दुसरी व्युत्पत्ती 'अंबा'वरून लावतात, तीन अंबांचा, तीन मातांचा, आणि वेदात रुद्राची अंबिका नावाची बहीण आहे म्हणून ती व्युत्पत्तीही टाकून देता येत नाही. पण लोकांच्या मनात डोळाच आहे. विलायतेत रुळलेलं नाव नकळत देवाच्या नावाला जाऊन भिडलं. मला या योगायोगाचं कौतुक वाटत नाही. देवाच्या नावाचा अर्थ माहीत असलेल्या कुणालाही त्या दगडाला 'आयडॉल'चा डोळा म्हणवलं नसतं.

नावापुढे हिऱ्याच्या अंगावर काय झालं ते पाहू. हिरा तोलायची आपली जुनी मापं गुंजेची. रती, म्हणजे रक्तिका, लाल गुंज. 'कॅरट' हाही बीजच आहे. भूमध्य सागराकाठच्या कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगेतलं बी, ग्रीकमधून अरबी 'कीरात' होऊन युरोपात गेलेलं. पूर्वेला गुंज, पश्चिमेला शेंगेची बी, आणि दोन्हीकडे दगड मात्र तोच. 'पैलू' हा फारसी 'पहलू', म्हणजे बाजू, कूस. हिऱ्याला पैलू पाडतात, तेव्हा त्याचं वजन पडतं. आपल्याकडचे जवाहिरे वजन राखण्याकडे पाहत, दगड जसा निघाला तसा थोडा घासून ठेवत. युरोपचा रोख चमकेवर. रंडेल अँड ब्रिजनं त्र्यंबकचा हिरा पुन्हा पैलू पाडून घेतला आणि त्याचं वजन सुमारे ८० कॅरटवर आलं. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्यानं तो पॅरिसमध्ये घेतला आणि पुन्हा पैलू पाडले. राहिला ४३.३८ कॅरटचा, चौकोनी घाटाचा, निर्दोष हिरा. म्हणजे गाभाऱ्यातून निघालेल्या दगडाचा निम्म्याहून अधिक भाग आता कुठेच नाही. तो परत आणता येणार नाही, कारण तो भुकटी झाला. कोणी देवाचा हिरा परत द्यायचं ठरवलंच तरी अर्धाच हिरा देता येईल.

मधल्या काळात, १९२७ मध्ये, तो अमेरिकेत गेला आणि तिथे जकातीवरून दावा उभा राहिला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू असेल तर जकात नाही, दागिन्यात बसवायचा पैलूदार दगड असेल तर आहे. कोर्टात बाजू दोनच होत्या, पुरातन वस्तू की दगड. त्र्यंबकेश्वर त्या दाव्यात पक्षकार नव्हता.

असू शकला असता का? लॅटिनमध्ये देवळातली चोरी करणाऱ्याला स्वतंत्र शब्द होता, पवित्र वस्तू उचलणारा. त्यावरून इंग्रजीचा 'सॅक्रिलेज'. आज तो कुठल्याही विटंबनेला लागतो, मुळात तो गुन्हा फक्त हाच. आपल्याकडे वस्तूलाच नाव आहे, देवस्व. 'स्व' म्हणजे धन, मालमत्ता. सर्वस्व, स्वामी, स्वत्व यांतला. जे देवाचं स्व आहे ते देवस्व. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितलं आहे की लोभानं देवस्व हरण करणारा परलोकात गिधाडांच्या उष्ट्यावर जगतो. केरळात देवस्थानांचा कारभार आजही 'देवस्वम' मंडळांकडे आहे. मराठीत हा शब्द जवळजवळ गेला. आपण 'देवस्थानची मालमत्ता' म्हणतो, 'दानपेटीवर डल्ला' म्हणतो, 'मुकुट लंपास' म्हणतो. 'देवाचं द्रव्य पचत नाही' एवढंच म्हातारी माणसं म्हणत, त्यात तो शब्द अर्धा जिवंत होता. हा शब्द असता तर बाजीरावाबद्दलही सरळ बोलता आलं असतं. हिरा त्यानं स्वतःच्या हातानं ब्रिग्जला दिला असेल, तर जे त्याचं नव्हतं ते त्यानं दिलं.

'देवस्व' ही नुसती भाविक कल्पना नाही. १९२५ मध्ये कलकत्त्याच्या मलिक कुटुंबाच्या वादात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं मान्य केलं की हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती आहे, तिला स्वतःचं हित आहे आणि ते मांडण्याचा हक्क आहे. ज्या दिवशी हा निकाल लागला त्या दिवशी त्र्यंबकचा हिरा इंग्लंडमध्येच, वेस्टमिन्स्टर घराण्याकडे होता. पुढे तामिळनाडूतल्या पत्तूरच्या नटराजाच्या खटल्यात लंडनच्याच अपील कोर्टानं १९९१ मध्ये मान्य केलं की उद्ध्वस्त अवस्थेतलं एक देऊळ इंग्लंडच्या कोर्टात आपल्या मूर्तीसाठी दावा करू शकतं. मूर्ती परत आली. औटींच्या खटल्यात 'शत्रूभावानं केलेली जप्ती' म्हणून दार बंद करणाऱ्या शहरानंच हे दार उघडलं. नटराजाची मूर्ती अलीकडे चोरीस गेलेली, हिरा युद्धात गेलेला, हा कायद्याचा फरक मोठा आहे आणि मी तो झाकत नाही. पण देवाला मालक म्हणणारा शब्द आता इंग्रजी निकालपत्रात आहे. तो मराठी बातमीत नसावा याचं मला दुःख होतं.

१९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हा हिरा पाच लाख डॉलरला गेला. त्यानंतर तो खासगी मालकीतच राहिला आहे.

नाशिकच्या पत्रकारांना, त्र्यंबकला यात्रेकरूंना देऊळ दाखवणाऱ्यांना आणि शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. 'नासक हिरा' छापू नका, सांगू नका. 'आय ऑफ द आयडॉल' तर नकोच. 'त्र्यंबकेश्वराचा हिरा' म्हणा. आणि तो कसा गेला हे सांगताना 'देवस्व' हा शब्द वापरा, शृंगेरीबद्दल बोलतानाही तोच वापरा.